ठकुबाई इथं राहत नाही

"पाठ झालं नव्हं? पुन्यांदा म्हणून दाव बरं." कोटाची बटणं लावता लावता धर्माजीने विचारलं, आणि चुलीपुढे बसलेल्या सगुणेच्या हातातली भाकरी तव्यावर पडण्याआधीच फाटली. लग्नाला अठरा वर्षं होऊन गेली होती. तिच्या हातची भाकरी फाटलेली त्या घरात आजवर कोणी पाहिली नव्हती.

तिने म्हणून दाखवलं. लढाईच्या दिवसांत आमच्या कुरुळीच्या घरी सरकारी पाकीट आलं नाही, कोणी आणलं नाही, कोणी परत पाठवलं नाही. एवढंच तर म्हणायचं होतं, पण तेवढ्यातही ती दोनदा अडखळली. कचेरीच्या नुसत्या नावानेच बायको बावरली, असं धर्माजीला वाटलं. जे खरं ते सांगायला भ्यायचं कशाला, असं म्हणून तो हसला... आणि त्या भाबड्या हसण्याने सगुणेच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

धर्माजी बागडे इटलीच्या लढाईतून डाव्या हाताची तीन बोटं गमावून आला होता. गोळीबारात ओढा ओलांडून त्याने दोन जखमी सोबती उचलून आणले, म्हणून इस्पितळात मोठ्या साहेबाने त्याच्या छातीवर शौर्याची फीत लावली आणि पदक मागाहून घरच्या पत्त्यावर जाईल, असं सांगितलं. पदक काही आलं नाही. गावातली टवाळ माणसं विचारत, पदक कणगीत ठेवलंस की उतरंडीत? धर्माजी हसून सोडून द्यायचा, पण त्या दिवशी त्याचं जेवणात लक्ष नसायचं, आणि ते वाढणारीच्या बरोबर ध्यानात यायचं.

पुढे पिंपरीच्या एका नव्या कारखान्याच्या फाटकावर त्याला पहाऱ्याचं काम लागलं, तेव्हा आई गवराबाई आणि सगुणा यांना घेऊन तो दापोडीला रेल्वेच्या कडेच्या खोलीत राहायला आला. कोटावरची फीत रोज निगुतीने पुसायचा. यंदा कुणा भल्या माणसाने निनावी अर्ज ठोकला, की हा पहारेकरी न मिळवलेल्या पदकाची फीत मिरवतो. कारखान्याने कागद मागितले; लष्करी कचेरीने कळवलं, की याच्या नोकरीच्या नोंदीत पदक नाहीच. म्हणून आज त्या कचेरीत तारीख होती. पुरावा दाखवायचा, पाकीट आलं की नाही ते सांगायला सोबत बायकोला आणि त्या वेळी घरात असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला आणायचं. नाही तर फीत उतरवायची, काम सोडायचं आणि उरलेला जन्म लबाड म्हणून काढायचा.

आणि पाकीट तर आलं होतं!

अकरा वर्षांपूर्वी, वैशाखातल्या एका दुपारी, भैरू पोस्टमन चाकणहून सायकल हाणत आला आणि ओट्यापाशी उभा राहून विचारू लागला, की ठकुबाई धर्माजी बागडे कोण? त्याच्या हातात लाखेच्या लाल शिक्क्यांचं जाड पाकीट होतं. तसली दोन पाकिटं त्याच साली गावात आली होती आणि दोन्ही घरांत त्याच दिवशी बांगड्या फुटल्या होत्या. सगुणेने पदर कपाळावर ओढला. ठकू हे तिचं माहेरचं, चऱ्होलीचं नाव. लग्नात नाव बदललं, बोहल्यावरून उतरली ती सगुणा, आणि त्यानंतर ठकू म्हणून तिला या घरात कोणी हाक मारली नव्हती.

"ठकुबाई इथं राहत न्हाई," ती म्हणाली. "मी सगुणा."

भैरू त्या गावांवर नवा होता आणि नियमाला असा पक्का, की साधं पोस्टकार्डसुद्धा ज्याचं त्याच्याच हातात द्यायचा. त्याने पाकिटावर तसा शेरा लिहिला आणि सायकल वळवली. जे पाकीट उघडलंच नाही, त्यातली बातमी घडलीच नाही, अशी सगुणेने आपल्या वेड्या मनाची समजूत घातली. कपाळावरचं कुंकू दिवसातून चारदा चाचपत तिने सहा महिने काढले, आणि दिवाळीत धर्माजी आपल्या पायांनी दारात येऊन उभा राहिला! त्याने पदकाची चौकशी केली तेव्हा कुठे तिला उमगलं, की आपण काय परत पाठवलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ती गोष्ट सांगण्यापलीकडे गेली.

दापोडीहून बस निघाली. धर्माजी पुढे उभा होता, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्याने छातीवरची फीत झाकून. सगुणेला वाटत होतं, ही बस कुठेतरी बंद पडावी, पूल मोडावा, कचेरीला आज सुट्टी निघावी. शेजारी बसलेल्या गवराबाई सुनेच्या कानाशी लागून हळूच म्हणाल्या, "पाकीट म्या परत धाडलं, आसं सांगते मी. आईला काय घराबाहेर काढतुय व्हय तो?"

सगुणेने दचकून सासूकडे पाहिलं. म्हणजे यांना ठाऊक होतं...

"त्या दिशी मी दळत व्हते," गवराबाई म्हणाल्या. "तू बोललीस तवा जातं थांबलं. ध्यानात न्हाई आलं तुझ्या?"

नव्हतं आलं. ज्या सासूच्या धाकाने आपण अकरा वर्षं जीव मुठीत धरून राहिलो, ती आपलंच गुपित पोटात घालून बसली होती! आणि तिनेही त्या दुपारी पुढे होऊन खरं का सांगितलं नाही, हे विचारायची सगुणेला गरज पडली नाही. पोरगा तिचाच तर होता.

कचेरीत हेडक्लार्क दौलतराव जाड भिंगांतून कागद बघत होते. माणूस सरळ होता, पण कागदाबाहेरचं काही मानणारा नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं, की कुरुळीच्या कुणा धर्माजी बागडेला पदक मंजूर झालं होतं, हे खरं; पण त्या यादीतला पलटणीचा नंबर पाण्याने पुसला आहे आणि त्या धर्माजीची बायको ठकुबाई आहे. पाकीट परत आलं, म्हणून नोंद अर्धीच राहिली. तुमच्या रेशनकार्डावर तर बायको सगुणाबाई. मग तो धर्माजी तुम्हीच कशावरून? धर्माजी म्हणाला, ठकू हे हिचंच माहेरचं नाव. असेलही, दौलतराव म्हणाले, पण मग घरातल्या माणसांनीच अशी बाई इथे राहत नाही म्हणून का सांगावं?

"साहेब, पाकीट आलंच न्हाई," धर्माजी म्हणाला. "माझी मंडळी खोटं बोलायची न्हाई. तिलाच इचारा."

दौलतरावांनी चष्मा वर केला. सगुणेला कचेरीतली सगळी माणसं आपल्याकडेच बघताहेत असं वाटलं. पाठ केलेलं म्हणावं तर नवऱ्याचं पदक कायमचं जातं. खरं सांगावं तर नवरा जातो... तेवढ्यात गवराबाई काठी टेकत उठल्या.

"साहेब, पाकीट आलं व्हतं. ते म्या म्हातारीनं..."

"आत्याबाई, तुमी बसा," सगुणा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने सासूला मध्येच तोडलं. "साहेब, म्या परत धाडलं. ठकू मीच हाय."

तिने डाव्या हातातला चुडा कोपराकडे सारला. मनगटाच्या वर हिरवट गोंदण होतं, चऱ्होलीच्या जत्रेत आठव्या वर्षी गोंदून घेतलेलं, थोडं पसरलेलं, पण वाचता येईल असं: ठकू. दौलतरावांनी भिंग जवळ नेऊन ती दोन अक्षरं पाहिली. मग पाकीट का नाकारलं, असं त्यांनी विचारलं, आणि ती सांगत गेली. शिक्के, बांगड्या, भैरू, सारं. लिहिता लिहिता ते मध्येच थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा लिहू लागले. जबाबावर तिचा अंगठा घेतला आणि म्हणाले, की नोंद दुरुस्त होईल.

ती मागे वळली, तेव्हा धर्माजी खोलीत नव्हता.

तो बाहेर व्हरांड्यात पाठमोरा उभा होता. तिची चाहूल लागली तरी वळला नाही. "अकरा वर्सं लोक मला थापाड्या म्हनत व्हते," तो म्हणाला, "आन् तू समोर बसून भाकरी वाढीत व्हतीस."

"पाकीट घेतलं की तुमी गेलात, आसं वाटलं मला," ती कशीबशी म्हणाली. पुढचे शब्द हुंदक्यात गेले.

तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढचे पंचवीस दिवस नाही. ताट पुढे आलं की जेवायचा, फाटकावर जायचा, यायचा. सगुणेने आपलं गाठोडं मनातल्या मनात बांधून ठेवलं होतं. चऱ्होलीला भाऊ घेईल का घरात, याचाच विचार ती दिवसभर करायची. तुझ्यामुळे माझ्या लेकाला त्या दिवशी कोणी मेला म्हटलं नाही, हे मी त्याला सांगते, असं गवराबाई म्हणाल्या, तर तिने त्यांना शपथ घातली. ज्याचं दुःख त्याला असू द्यावं, ते बोलून हलकं करायचा आपल्याला काय अधिकार!

सव्विसाव्या दिवशी सकाळी गवराबाई जात्यावर बसल्या होत्या. गिरणीचं पीठ त्यांना कधी रुचलं नाही. धर्माजी उंबऱ्यावर बूट चढवत होता, तेवढ्यात पोस्टमन आला. हातात जाड पाकीट होतं, लाखेच्या लाल शिक्क्यांचं. ते बघून आत उभ्या असलेल्या सगुणेचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

धर्माजीने पत्ता वाचला. सही करून त्याला घेता आलं असतं. पोस्टमनने पेन्सिल त्याच्यापुढेच धरली होती. पण त्याने ती घेतली नाही. इस्पितळात शुद्धीवर येता येता तो तिला ज्या नावाने हाका मारत होता, भरतीच्या दिवशी बायकोचं नाव विचारल्यावर पटकन तोंडातून निघालेलं जे नाव, तिच्या मनगटावर त्याने चोरून कितीदा वाचलेलं आणि मोठ्याने कधीच न उच्चारलेलं, त्या नावाने त्याने आज घरात हाक दिली.

"ठकू, अगं ठकू... तुझं टपाल आलंय. घे की."

आत जातं थांबलं.

सगुणा बाहेर आली. डोळ्यांतल्या पाण्याने तिला पाकीट नीट दिसेना. पोस्टमनने नेमाप्रमाणे विचारलं, ठकुबाई धर्माजी बागडे इथंच राहतात का?

"व्हय," ती म्हणाली, "मीच ठकुबाई. हितंच राहते."

धर्माजीने तिचा अंगठा धरून शाईवर टेकवला, आणि आत जातं पुन्हा फिरू लागलं.