हद्दीबाहेर आठ पाय

साहेब, खोटं तुम्ही लिहिलंत. पंख्याखाली बसून, चहाचे घुटके घेत लिहिलंत की काळकाई देवीच्या राईत ‘नोंद घेण्याजोगा जीव आढळला नाही’. आढळेल कसा? तुमचा एक माणूस तिकडे फिरकला नाही! त्या एका ओळीवर राईतून जाणाऱ्या रस्त्याची आखणी झाली. आणि ती ओळ खोटी पाडायला बुधवार पेठेत रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणाऱ्या, किडामुंगीचं वेड असलेल्या मन्सूरला, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, तिसऱ्यांदा डोंगर चढावा लागला.

त्याला हवा होता एक कोळी. नर.

मादी त्याच्याकडे होती. सालीवरच्या दगडफुलासारखी राखी-हिरवी, पाठीवर चुन्याची दोन बोटं टेकवल्यासारखे ठिपके. मोबाइलची बारीक जोडकामं करायच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याने आणि उत्कर्षाने ती तासन्‌तास न्याहाळली होती. उत्कर्षा मांजरी गावची, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी. तिने जगभरच्या याद्या धुंडाळल्या. ही जात कुठेच नव्हती. पण नुसत्या मादीवर लिहिलं असतं तर तुम्हीच शंका काढली असती. प्रौढ नराच्या तोंडाशी दोन आखूड हात असतात. किल्लीचे दात जसे दर कुलपाला वेगळे, तशी त्यांची घडण दर जातीत वेगळी. तो पुरावा नाकारता येत नाही. आणि हा नर दिसतो वर्षातून जेमतेम तीन आठवडे, पाऊस सरताना.

राईत पकडायच्या परवानगीचा अर्ज? तो चौदा महिने तुमच्याच टेबलावर पडून होता.

राईचा स्वतःचाही कायदा होता. तिथून वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. मागच्या खेपेला ती मादी उत्कर्षाच्या मिटलेल्या छत्रीत शिरली आणि थेट मांजरीला पोचली. राईला लागून नाचणी पिकवणाऱ्या इंदुबाईंना हे कळलं, तसा त्यांचा निरोप आला: ‘आधी तिला परत आना. मग तोंड दाखवा.’ म्हणून या खेपेला मादीची डबी मन्सूरच्या छातीशी बांधलेली होती.

नेहमीची पायवाट तुमच्या ठेकेदाराच्या दगडमातीखाली गाडली गेली होती. उरली कड्याच्या पोटातली निसरडी, पाऊलभर रुंदीची वाट. मन्सूर आणि उत्कर्षाला न्यायला इंदुबाई खाली आल्या होत्या. खांद्यावर घोंगडी, पाय अनवाणी.

“भाई, खाली बगू नका,” त्या म्हणाल्या.

“खाली बघायला मान वळायला हवी ना, बाई. तीसुद्धा धरलीय.”

“मन्सूरचाचा, कशाला आलात तुम्ही? सिरियसली!” मागून उत्कर्षा म्हणाली. “मी एकटी मॅनेज केलं असतं.”

“हो. छत्री झटकायला विसरू नकोस फक्त.”

तिघंही कड्याला चिकटून पुढे सरकली. बोलायलाही दम लागतो, आणि दोन वर्षांत त्यांचा तो बराचसा संपला होता. डोक्यावर कड्याला आग्या माश्यांची सात काळी मोहोळं लटकत होती. त्यांच्याखालून श्वास रोखून जायचं होतं. अर्धी वाट सरली.

तेवढ्यात पलीकडे सुरुंग उडाला!

कडा हादरला. मन्सूरच्या पायाखालचा दगड सुटला. तो घसरला. एक हात मुळीला, दुसरा डबीवर! पाठीवरची पिशवी निसटून दरीत गेली. पाणी गेलं, दोर गेला. उत्कर्षाने त्याची कॉलर धरून त्याला ओढलं. आणि वर एकदम तापलेल्या तेलासारखा आवाज उठला.

“आडवं व्हा!” इंदुबाई ओरडल्या. “हलू नका!”

त्यांनी घोंगडी तिघांवर ओढली. माश्या पावसासारख्या कोसळल्या. घोंगडीच्या भोकांतून डंख येत होते. मानेवर! कानावर! उत्कर्षा दातांत ओढणी धरून रडत होती. मन्सूरने छाती जमिनीला टेकवली नाही. डबी चिरडली असती. कोपरांवर देह तोलून तो तासभर तसाच राहिला. त्याला वाटलं, आता उठूच नये. दुकानाचं शटर बंद, तसं आपलंही बंद.

माश्या परतल्या तेव्हा त्याच्या मानेत एकोणीस काटे होते. इंदुबाईंनी ते नखाने खरवडून काढले.

“पोरी, रडून घे,” त्या म्हणाल्या. “पर चालत रड.”

राईच्या हद्दीवर शेंदूर फासलेला दगड होता. अलीकडे इंदुबाईंचं शेत, पलीकडे झाडांचा दाट गारवा. बांधावर डबी उघडली. मादी क्षणभर थांबली, मग दगडावरून तुरुतुरु राईत शिरली आणि हिरड्याच्या खोडावर चढून दिसेनाशी झाली. मागे उन्हात चमकणारा एक धागा राहिला.

इंदुबाईंनी हात जोडले. “आता जा आत. बगा मनसोक्त. न्यायाचं कायबी न्हाई.”

“मावशी, नर नेला नाही तर ही राईच राहणार नाही हो!”

“म्हनून मीच चोरी करू व्हय?”

उत्कर्षाने मन्सूरकडे पाहिलं. तो सुजलेल्या डोळ्यांनी त्या धाग्याकडे बघत होता. तीन आठवडे मादीने डबी आतून रेशमाने मढवली होती, आणि त्या रेशमाचा वास नर दुरून घेतो.

“डबी इथेच ठेवू,” तो म्हणाला. “शेतात. उघडी. तार जोडलेली आहे, मॅडम. करंट कधीतरी येईलच.”

“आणि नाही आला तर?”

“तर घरी जाऊ. मी पुन्हा चढणार नाही. खरंच सांगतो, नाही होणार आता.”

एक दिवस गेला. मुंगळे आले, एक सरडा आला. त्याला इंदुबाईंनी शिव्या देऊन हाकललं. दुसऱ्या दिवशी सूर्य नुकताच वर येत असताना उत्कर्षाची बोटं मन्सूरच्या मनगटात रुतली.

हिरड्याचं एक दगडफूल हललं.

नर! मादीच्या निम्म्याने, लांब पायांचा. तोंडाशी दोन फुगीर काळे हात! पक्का वयात आलेला! तो धाग्यावर आला. दगडाशी थांबला. पुढचा एक पाय उचलला, खाली ठेवला. मागे वळला. पुन्हा थांबला. आणि मग सरसर शेंदरावरून, हद्दीवरून, बांधावरून थेट डबीत!

मन्सूरने झाकण लावलं.

“मारनार?” इंदुबाईंनी विचारलं.

“हो. पुरावा म्हणून ठेवायला,” तो म्हणाला.

त्या शेंदराच्या दगडाकडे वळल्या. “आपल्या पायानं आला. माझ्या शेतात आला. देवीचं काय म्हननं न्हाई. पर नाव नीट ठेवा त्याचं.”

नाव नीट ठेवलं. देवीचंच. मार्चमध्ये शोधपत्रिकेत वर्णन छापून आलं, आकृत्यांसह. प्रत तुमच्या कार्यालयात पोच घेऊन दिली. आणि साहेब, चौदा महिने गप्प बसलेल्या तुमच्या टेबलाला तेव्हा वाचा फुटली! मन्सूरला नोटीस आली: विनापरवाना जीव पकडल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा.

खुलासा घ्या. कोळी इंदुबाईंच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत पकडला, त्यांच्या देखत, त्यांच्या संमतीने. मन्सूरने राईतलं पानही उचललं नाही. तुमचा सुरुंग मात्र राईच्या चाळीस पावलांवर उडाला, आणि आखणी अजून रद्द झालेली नाही. जीव आढळला नाही असं लिहून खाली सही कोणाची आहे? तो माणूस राईत कोणत्या तारखेला गेला होता? काम कधी थांबवताय?

मुदत तुम्हालाही सातच दिवसांची. लेखी उत्तर द्या.