अकरा वीसचा मका

ऑक्टोबर संपत आला की माझा फोन थांबत नाही. वर्षभर ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं, तो फीडर, हरणांच्या शिकारीचा हंगाम आठवड्यावर आला की, सगळ्यांना एकदम आठवतो. तीन पायांवर उभं केलेलं पत्र्याचं पिंप, आत मका, बुडाशी एक चकती, चकतीला मोटर, मोटरला बॅटरी आणि घड्याळ. ठरल्या वेळी चकती दहा सेकंद गरगरते, मका चौफेर उडतो, हरणं येतात. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं, आणि तरी सगळे बिघडतात.

मी व्लास्टा मिगल. टेक्ससच्या लवाका काउंटीत बावीस वर्षं फीडर दुरुस्त करते. दहातले सात फीडर बॅटरीपायी मरतात. दोन खारींमुळे, कारण वायरवरचं प्लॅस्टिक त्यांना फार आवडतं. उरलेला एक मालकाच्या अक्कलहुशारीमुळे. चौथं कारण मला कधी भेटलं नव्हतं.

एमिल क्रेनेकचा फोन आला तेव्हा मी एका मोटरमधून भिजून दगड झालेला मक्याचा भुगा खरवडत होते.

"व्लास्टा, माझा फीडर म्हातारा झाला गं," तो म्हणाला. "सकाळी साडेसहाला वाढायचं, तर हा अकरा वीसला पान मांडतो. त्या वेळी जंगलात जागं कोण असतं? मी आणि गिधाडं."

एमिल चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्याची जमीन गावापासून सात मैलांवर. राखाडी वाळू, ओकची बुटकी झाडं, मधे एक मोकळं मैदान, आणि त्या मैदानाच्या बरोबर मधून गेलेलं काटेरी तारांचं कुंपण. कुंपणाच्या या बाजूला एमिलचा फीडर, पलीकडे चाळीस पावलांवर त्याच्या धाकट्या भावाचा, अलोइसचा. अकरा वर्षांपूर्वी एमिलनं या बाजूने एक बारा टोकांच्या शिंगांचा नर मारला आणि तो उडी मारून त्या बाजूला जाऊन पडला. एमिल म्हणे, मारला माझ्या गोळीनं; अलोइस म्हणे, पडला माझ्या जमिनीवर. भांडण इतकं वाढलं की शेवटी कोणीतरी शिंगांसकट डोकं करवतीनं मधोमध कापलं. आज दोघांच्या बैठकीत अर्धंअर्धं डोकं टांगलेलं आहे, आणि दोघे भाऊ एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात, पण मधे दोन्ही बायका.

मी गेले. बॅटरी फुगलेली होती. सोलर पट्टीवर पक्ष्यांनी इतकं करून ठेवलं होतं की तिला ऊन म्हणजे काय ते ठाऊक नसावं. बॅटरी दमली की घड्याळ भरकटतं, हे नेहमीचंच. मी बॅटरी बदलली, पट्टी धुतली, कुरतडलेली वायर काढून नवी घातली, वेळ लावली. सकाळी साडेसहा, संध्याकाळी पाच. चकती फिरवून पाहिली. मका पिवळ्या पावसासारखा उडाला, एक दाणा एमिलच्या टोपीवर टणकन वाजला, आणि त्याच्या बायकोनं, अल्बिनानं, मला खसखशीचे चार कोलाचे बांधून दिले. गोड पाव आणि मधे सारण. काम संपलं.

तीन दिवसांनी पुन्हा फोन. अकरा वीस.

मी घड्याळच बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा वीस. खरं सांगते, मला राग आला. यंत्रानं खोटं बोलू नये अशी माझी साधी अपेक्षा असते.

त्याच संध्याकाळी आणखी एक फोन आला. पलीकडचा माणूस कुजबुजत होता, जणू कुंपणापलीकडून कोणी ऐकेल.

"व्लास्टा, मी अलोइस. माझा फीडर अकरा वीसला चालतो. यात त्या गाढवाचा हात आहे."

"तुमचा फीडर वेगळा, घड्याळ वेगळं," मी म्हटलं. "एमिलला तर स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ लावता येत नाही."

"म्हणूनच तर!" अलोइस म्हणाला.

गुरुवारी सकाळी मी दोघांनाही बोलावलं. कुंपणाच्या अलीकडे एमिल खुर्ची टाकून बसला, पलीकडे अलोइस. मी मधे. म्हणजे तारेच्या अलीकडेच, पण तारेला चिकटून. ऊन कोवळं होतं, वाऱ्याला वाळलेल्या गवताचा वास होता.

"त्याला विचार, घरी सगळे बरे आहेत का," एमिल माझ्याकडे बघून म्हणाला.

"त्याला सांग, मला ऐकू येतं," अलोइस म्हणाला.

"अरे वा! मग अकरा वर्षं बहिरा का झाला होतास?"

"त्याला सांग, ऐकण्यासारखं काही नव्हतं."

सव्वाअकराला मी उठले. अलोइसच्या फीडरची बॅटरी काढली, एमिलच्या फीडरची काढली, आणि दोन्ही मांडीवर घेऊन बसले. दोन्ही वायरी सुट्या लोंबत होत्या. दोघांनीही पाहिलं.

अकरा वीसला दोन्ही चकत्या फिरल्या.

मोटरची घुंई मी रोज ऐकते. तीच होती. दहा सेकंद, ना कमी ना जास्त. मका उडाला, पत्र्यावर तडतडला, गवतात पडला. माझ्या मांडीवर बॅटऱ्या थंडगार होत्या.

मग ओकच्या सावलीतून तीन हरणं आली. भरदिवसा, डोकं वर करून. हुंगत नाहीत, दचकत नाहीत. एक मादी कान फाटलेली, ती माझ्यासमोर सहा हातांवर येऊन थांबली. एक थोराड नर एमिलसमोर. एक नर कुंपणापलीकडे अलोइससमोर. मक्याला एकानंही तोंड लावलं नाही. ती आमच्याकडे बघत होती. पाहुण्याला घरात घेतल्यावर बघावं तशी.

मिनिटभरानं ती वळली आणि गेली.

"ए अलोइस," एमिल हळूच म्हणाला, "तुझा नर बघ. अगदी तुझ्यासारखा ढेरपोट्या."

अलोइस हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. एमिल उठून कुंपणाशी गेला आणि तारेवरून हात घालून भावाच्या पाठीत धपाटे घालू लागला. काटा लागून बाही टर्रकन फाटली. दोघांनाही त्याचं भान नव्हतं. मी बॅटऱ्या घेऊन तशीच बसले होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कशामुळे ते मला आजही सांगता येत नाही.

शुक्रवारी अल्बिना आली, अलोइसची बायको ओल्गा आली. आम्ही पाच माणसं. हरणं पाच आली.

शनिवारी हंगाम उघडला. सगळ्या काउंटीत पहाटेपासून बंदुका वाजत होत्या, आणि क्रेनेक बंधू कुंपणाशी बसून डुकराच्या मांसाचे सॉसेज भाजत होते. त्यांचे मुलगे, सुना, एक पुतणी. आम्ही अकरा. हरणं अकरा. प्रत्येकाचं आपलं आपलं. माझ्यापुढे तीच कानफाटी मादी.

"बंदूक आणलीच नाहीत?" मी एमिलला विचारलं.

"आणली आहे, गाडीत आहे," तो म्हणाला. त्याचा नर त्याच्याकडे टक लावून उभा होता. "पण असं डोळ्यांत डोळे घालून बघणाऱ्याला गोळी कशी घालू? आधी ओळखच करून घ्यायला नको होती."

"मटणाचं काय मग?"

"यंदा कोंबडी," अल्बिना म्हणाली. "आणि तक्रार करणाऱ्याला तीही नाही."

त्या रविवारी आमच्याकडची घड्याळं तासभर मागे गेली. दर नोव्हेंबरात हिवाळ्यासाठी सरकारी नियमानं मागे करतात. फीडरना ते कळत नाही, हाताने लावावं लागतं. हरणांना तर कळायचं कारणच नाही, त्यांचं घड्याळ म्हणजे सूर्य. मी मुद्दाम तास आधी जाऊन बसले, एकटी. कालपर्यंतची अकरा वीस येऊन गेली. काही झालं नाही. पाखरं ओरडत होती. मग बाकीचे आले, खुर्च्या उघडल्या, आणि नव्या अकरा वीसला चकत्या फिरल्या.

म्हणजे हे जे कोणी चालवत होतं, ते सूर्य नाही, माणसांचं घड्याळ बघत होतं. पण ओल्गा अकॉर्डियन घेऊन आली होती. अलोइसनं कुंपणाच्या दोन खुंटांमधली तार पक्कडीनं कापून टाकली, एमिलचा हात धरून त्याला आपल्या बाजूला ओढलं, आणि दोन म्हातारे वाळूत पोल्का नाचले. घड्याळाचं मी विसरून गेले.

पुढचे दहा दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. मी दुकान साडेदहाला बंद करू लागले. लोक वाढत गेले. कोणी आईला घेऊन आलं, कोणी तान्ह्या बाळाला. बाळासमोर पाडस उभं राहिलं, अंगावरचे ठिपके अजून पुरते न गेलेलं. पाद्रीबाबा आले तेव्हा त्यांच्यासमोर एका शिंगाचा नर आला, आणि अलोइस म्हणाला, "बाबा, बिशपच्या टोपीला दोन टोकं असतात, तुमच्या नशिबात एकच दिसतंय." पाद्रीबाबाच सगळ्यांत जास्त हसले. मी रोज मोजत असे. माणसं चौदा, हरणं चौदा. माणसं सतरा, हरणं सतरा. मोजणं हा माझा स्वभाव आहे. हिशेब जुळला की मला झोप छान लागते.

बॅटऱ्या माझ्या गाडीतच पडून होत्या. मी त्या पुन्हा लावल्याच नाहीत.

मग तो शनिवार आला. माणसं एकोणीस. मी दोनदा मोजली. चकत्या फिरल्या, मका उडाला, हरणं आली. मोजली. वीस.

"एमिल," मी म्हटलं, "एक जास्त आहे."

"अलोइसला दोन लागतात," तो म्हणाला. "खुर्च्याही दोन लागतील लवकरच."

हशा पिकला. मी त्या विसाव्या हरणाला शोधत होते. प्रत्येक माणसापासून सुरुवात केली, त्याच्यासमोरचं हरीण, पुढचा माणूस, पुढचं हरीण. टोकाला अल्बिना बसली होती. तिच्या पलीकडे एक तरणा नर उभा होता, आणि त्याच्यासमोर नुसतं गवत. तो मान उंच करून बघत होता. बाकीच्यांपेक्षा जरा जवळ आला होता, आणि त्याची शेपटी हलत होती.

"माझ्या शेजारी कोणी बसलंय का गं?" अल्बिनानं हसत विचारलं. मग तिनं शाल अंगाभोवती ओढून घेतली. ऊन चांगलं तापलं होतं.

रात्रभर मी स्वतःला समजावलं. हरीण जंगली जनावर आहे. एखादं वाट चुकून कळपाबरोबर येतं.

रविवारी मी पाटी-पेन्सिल घेऊन गेले. हसू नका. माणसं आली तशी नावं लिहिली. एकोणीसच. गाड्यांत कोणी राहिलेलं नाही, झाडामागे कोणी नाही, तेही पाहिलं. अलोइस आणि एमिल एकाच मोठ्या बाकावर बसले होते, एका ताटातून खात होते, आणि अकरा वर्षांत काय काय सांगायचं राहून गेलं ते दोघेही एकाच वेळी सांगत होते. मी शेवटच्या खुर्चीवर बसले, सगळ्यांच्या मागे, म्हणजे मोजायला सोपं. माझ्या मागे मोकळं मैदान.

अकरा वीस.

घुंई. मका. गवतातली तडतड.

हरणं आली. एक, दोन, पाच, नऊ. एमिलचं. अलोइसचं ढेरपोटं. बाळाचं पाडस. पाद्रीबाबांचं एकशिंगी. मी नावासमोर खूण करत गेले. अल्बिनाच्या पलीकडे आज कोणी नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसले.

अठरा खुणा झाल्या. एकोणिसावी माझी. कानफाटी रमतगमत लोकांमधून वाट काढत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. माझ्याकडे बघू लागली.

तिच्या मागून कालचा तरणा नर आला.

तो तिच्या शेजारी थांबला. दोघांमध्ये वीतभर अंतर.

तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्यानं मान वर केली. माझ्या डाव्या खांद्यावरून, बऱ्याच वर, तो कोणाकडे तरी बघत होता. धनी दिसल्यावर कुत्र्याची हलते तशी त्याची शेपटी हलायला लागली.

पुढे ओल्गानं अकॉर्डियन उचललं होतं. कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. मी मागे वळले नाही.

माझ्या कानाशी, अगदी जवळ, कोणीतरी मक्याचा दाणा दाढेखाली धरून कडकन फोडला, आणि सावकाश चावू लागलं.