लाइन बंद हाय का?

हेल्मेट, हातमोजे, कमरेचा पट्टा… सगळ्यांना मिळालं ना? मग बसा त्या लिंबाखाली. पहिल्या दिवशी मी कोणालाच खांबावर चढवत नाय. आधी एक घडलेलं सांगतो. ऐकून ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं.

तेरा सालचा दुष्काळ. गारखेड्यात आठ-आठ दिवसांनी टँकर यायचा, अन् त्याच गारखेड्याच्या मागं रानात रोज नवे प्लॉट पडत होते. प्लॉट पडले की विजेचे खांब आले, खांब आले की माणसं लागतात. आमचा ठेकेदार सर्जेराव म्हणाला, "पुंडलिक, पाच-सहा शिकाऊ पोरं बघ. चपळ पायजेत." मी फोरमन. पोरं निवडायची अन् शिकवायची, दोन्ही कामं माझीच.

गंगापूरकडून अजिनाथ आला तो तेव्हा. मेंढपाळाचा पोरगा, एकोणीस वर्षांचा. चारापाण्यावाचून घरची मेंढरं विकून टाकलेली. मी विचारलं, "चढता येईल का?"

तो हसला. "उस्ताद, बाभळीवर चढून मेंढरांला पाला तोडलाय. तुमच्या खांबाला तर काटं बी नाय."

लई गुणी पोरगं. तारेचा सांधा असा बांधायचा की बोट फिरवलं तरी कळू नये. अन् एक गोष्ट मी शिकवली ती त्यानं कधी चुकवली नाय. तारेला हात लावायच्या आधी वरून ओरडून विचारायचं, 'लाइन बंद हाय का?' खालून 'बंद हाय' असं उत्तर आल्याबिगर बोट हलवायचं नाय.

मे महिन्यातली दुपार. सर्जेरावकडं प्लॉट बघायला गिऱ्हाईक आलं होतं. त्या साली गिऱ्हाईक जमीन बघत नव्हतं, पाणी बघत होतं. बोअरची मोटर आमच्याच लाइनवर होती, ती चालू ठेवून सर्जेराव त्यांना पाण्याची धार दाखवत होता. लाइन बंद करायचा दांडा तिथंच, त्याच्याजवळ. इकडं दुसऱ्या टोकाला अजिनाथ खांबावर. खाली मी.

"उस्ताद, लाइन बंद हाय का?"

मी फोन लावला. मागं पाण्याचा आवाज येत होता. सर्जेराव म्हणाला, "बंद आहे रे. लाव कामाला." तार तपासायची अर्थिंगची साखळी त्या दिवशी दुसऱ्या साइटवर राहिली होती. मी वर बघून ओरडलो, "बंद हाय."

माझ्याच तोंडानं.

दांडा ओढलेलाच नव्हता. पोराला ओरडायलाही वेळ मिळाला नाय. नुसता वास आला… लोकर जळाल्यासारखा.

संध्याकाळी सर्जेरावनं कागद पुढं केला. पोरगं न विचारता चढलं, असं लिहिलेलं. मी सही केली. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काय.

अजिनाथची आई, पुतळाबाई, यार्डात आली. रडली नाय. माझ्यासमोर उभी राहिली. "माझं लेकरू न इचारता तांब्याभर पाणी घेत नव्हतं. ते खांबावर न इचारता चढलं व्हय?"

मी खाली बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "तुमी नका सांगू. त्योच इचारल."

महिन्याभरानं नवी पोरं घेतली. यार्डात सरावाचे दोन खांब होते. मधे तारा ताणलेल्या, दोन्ही टोकं मोकळी. कशालाच न जोडलेल्या. त्यावर कृष्णा नावाचं पोरगं चढवलं. भर दुपार, वारा ठार पडलेला. सगळ्या भागातली वीज गेलेली, त्यामुळं शेजारच्या पिठाच्या गिरणीचाही आवाज नाय. सर्जेराव खुर्ची टाकून बघत बसला होता.

कृष्णानं वरून विचारलं, "लाइन बंद हाय का?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच उत्तर आलं. खालून नाय… कृष्णाच्याही वरून.

"नाय. उतर तू."

तो आवाज मी ओळखला. माझ्या नाकात तो वास शिरला… जळक्या लोकरीचा.

कृष्णा घसरतच खाली आला. गुडघे सोलले होते. "उस्ताद… वर कोणतरी हाय."

सर्जेराव उठला. तोंड पांढरं पडलं होतं, पण पोरांसमोर माघार कशी घेणार? "नुसत्या तारेला भिता? बघा, मी दाखवतो." शिव्या देत तो चढायला लागला. मी हाक मारली, "साहेब, नका…" त्यानं मागं बघितलं नाय.

वर पोचून पट्टा अडकवला अन् चेष्टेनं ओरडला, "काय रे पुंडलिक, लाइन बंद हाय का?"



मग वरून उत्तर आलं. शांत, अदबशीर.

"बंद हाय साहेब. लावा हात."

सर्जेरावनं मान वर केली. काय बघितलं देव जाणे. तो पट्टा सोडायला धडपडत होता, अन् उजवा हात मात्र सावकाश… सावकाश तारेकडं चालला होता. डाव्या हातानं त्यानं उजवं मनगट धरलं. ओढत होता, तरी हात चाललाच होता.

निळा उजेड पडला. भर उन्हात आमच्या सावल्या जमिनीवर हलल्या.

तपासणीला माणसं आली. तारा मोकळ्या, जवळची लाइन चारशे फुटांवर, तीही बंद. त्यांनी दोनदा मोजलं, लिहून घेतलं अन् गेले.

त्याच आठवड्यात मी खरं काय ते पोलिसांत लिहून दिलं. पुतळाबाईच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पाणी विचारलं नाय. एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपेग? त्याला सांगितलं का?"

सांगितलं की. खांबाखाली उभं राहून, कितीदा तरी. उत्तर येत नाय.

गेल्या वर्षी घरचा पंखा बघत होतो. मेन स्विच काढलेला. डाव्या हातातला टेस्टर चुकून माझ्याच उजव्या तळहाताला लागला, अन् त्यातला दिवा लागला. पुसून परत लावला. परत लागला. त्या दिवसापासून नातीला, श्रेयाला, उचलून घेतलेलं नाय. ती हात पसरून पळत येते, अन् मी भिंतीला टेकून उभा राहतो.

खोटं वाटतं? हा बघा टेस्टर… नाय, नाय, जवळ येऊ नका. तिथूनच बघा.