खांडीचा सूर

खोटं वाटलं तर वाटू दे.

आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी चालले नाहीत. भुताचं नाव काढलं तरी मावशीचे यजमान बापूराव तासभर सुनावतात. संघर्ष त्यांचाच मुलगा, माझा मावसभाऊ. हे सगळं त्याने मला सांगितलंय आणि शेवटचं मी स्वतः पाहिलंय.

गोष्ट रात्रीची नाही. गेल्या सप्टेंबरातला रविवार, भरदुपार. जागा म्हणजे भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या मागचा एक गाळा.

संघर्ष सिल्व्हर पार्कला राहतो आणि हेवी संगीत वाजवतो. त्यासाठी गिटारची सगळ्यात जाड तार सैल सोडायची. इतकी सैल, की आवाज पार खाली उतरतो आणि कानाआधी पोटाला कळतो. बापूराव म्हणायचे, "तार ढिली झालीये रे तुझी, दुकानात दाखव." तो हसून आणखी ढिली करायचा.

ड्रमवर प्रणय. गोडदेवच्या जुन्या घरातला पोरगा. संघर्षला डेंग्यू झाला तेव्हा सहा रात्री दवाखान्याच्या बाकावर काढणारा. गाळा त्याच्याच घरचा. आधी तिथे मिठागर होतं, मग भराव पडला, मग पत्र्याचे गाळे उभे राहिले.

त्या दिवशी दोघं शटर उघडत होते. प्रणयचे अमृतकाका बाहेर खुर्ची टाकून बसले होते.

"आज उधान हाय," काका म्हणाले. "ते जाडं वाजवू नका."

"का काका?"

"आमच्या आज्याच्या टायमाला बांद फुटून खांड पडली का असाच ढोल वाजवायचे. सावकाश, जाडा. ज्याला आयकू येल तो धावत जाऊन खांडीत उभा राहायचा. छातीनं पानी आडवायचा. मागून बाकीचे माती टाकायचे."

संघर्ष म्हणाला, "काका, आता कुठे पाणी? अख्खी इस्टेट झालीये इथे."

"पानी न्हाय," काका म्हणाले. "आयकनारा हाय का न्हाय, ते कोन सांगनार?"

प्रणयने काकांच्या पाया पडायचं नाटक केलं आणि शटर खाली ओढलं.

साडेबारा वाजले असतील. संघर्षने गिटारच्या माथ्यावर ट्यूनर लावला. हा चिमट्याएवढा असतो, लाकडातली थरथर पकडून सूर दाखवतो. अजून तारेला बोटही लागलं नव्हतं...

आणि काटा हलला.

त्याने पंजा ठेवून सगळ्या तारा दाबल्या. काटा हलतच होता. रोजच्या सुराच्या बराच खाली येऊन थांबला.

मग त्याला पायांना जाणवलं. फरशी गुणगुणत होती. अगदी बारीक.

इथे भल्या माणसाने गिटार पेटीत ठेवली असती. पण खोलीत एखादी गुंजण सापडली की तार तिलाच मिळवायची, ही या वाजवणाऱ्यांची खोड. मग सगळी खोली आपल्यासोबत वाजते. संघर्षने खुंटी पिळली. तार लोंबायला लागली. फरशीच्या सुराला बरोबर जाऊन लागली, आणि त्याने ती छेडली.

पत्रे दणाणले.

"बाप रे, काय आवाज आहे," प्रणय म्हणाला. "लूपवर टाक ना. मी त्याच्यावर बीट बसवतो."

लूपर म्हणजे पायाने दाबायचा डबा. एकदा वाजवलेलं परत परत वाजवत राहतो. संघर्षने तो चालू केला, गिटार स्टँडवर ठेवली आणि वडापाव आणायला बाहेर पडला. जाताना शटर ओढून घेतलं.

पंधरा मिनिटांत परत आला. आतून तो जाड सूर येत होता.

पण ड्रम वाजत नव्हते...

त्याने शटर वर केलं. प्रणय मागच्या भिंतीशी उभा होता. दोन्ही हात फाकलेले, छाती भिंतीला टेकलेली, पाय रोवलेले. कोणीतरी पलीकडून भिंत ढकलतंय आणि हा अडवतोय, असा.

"काय करतोयस?"

प्रणयने आणखी जोर लावला.

संघर्ष जवळ गेला. प्रणयची पँट कमरेपर्यंत ओली होती. त्याने फरशीवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत. परत वर पाहिलं...

ओल टी-शर्टवर चढली होती. पोटापर्यंत. मग बरगड्यांपर्यंत.

लूपचा सूर पडत होता, आणि दर सुराला ती बोटभर वर सरकत होती.

संघर्षने धावत जाऊन लूपर बंद केला. दिवा विझला. सूर चालूच. गिटारच्या स्पीकरची, अॅम्पची वायर उपटली. सूर चालूच.

"प्रणय, सोड. ऐक माझं, सोड ती भिंत."

प्रणयची मान मागे झुकली होती, पाण्यात नाक वर धरतात तशी. ओल गळ्याशी आली होती.

संघर्षची नजर स्टँडवर गेली. ती जाड तार एकटीच थरथरत होती.

त्याने गिटार उचलली आणि खुंटी उलटी पिळायला घेतली. तार ताणली जाऊ लागली. सूर चढला, फरशीपासून सुटला, आणि तार तुटून त्याच्या मनगटावर बसली.

शांत.

प्रणय खाली कोसळला. तोंडातून पाणी आलं. खारट वास सुटला. डोळे उघडून त्याने संघर्षला विचारलं, म्हाताऱ्याच्या आवाजात, "बांद रायला का?"

संघर्ष रडायला लागला. "राहिला," म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पण तेवढ्याने भागलं नाही.

अमृतकाकांनी नंतर सांगितलं. माती पुरेशी पडली की ढोलाचा सूर बदलायचा. तो दुसरा सूर ऐकल्याशिवाय खांडीतला माणूस जागा सोडायचा नाही. कोणी तोंडाने सांगितलं तरी नाही.

"कोणता सूर, काका?"

"तो आयकलेलं आता कोन ऱ्हायलं न्हाय, पोरा."

गेल्या उधाणाला मी प्रणयच्या घरी होतो, संघर्षही होता. प्रणय नीट होता, जेवत होता, माझी थट्टाही करत होता. बारा-चाळीसला त्याने घास ताटात ठेवला, उठला आणि भिंतीशी जाऊन हात फाकून उभा राहिला.

त्याच्या आईने त्याच्या पायाशी टॉवेल आणून ठेवला.

संघर्षने गिटार मांडीवर घेतली. नवी तार होती. खुंटी थोडी सोडली, एकदा छेडली, प्रणयकडे पाहिलं. आणखी सोडली. परत छेडली. गेलं वर्षभर तो हेच करतोय. दर उधाणाला, एकेक सूर.

मी घड्याळ लावून बसलो होतो. पन्नास मिनिटं, भरती ओसरू लागेपर्यंत.

ओल गळ्याशी आली तेव्हा संघर्षने आणखी एक सूर छेडला. प्रणयने भिंतीवरचा गाल सरकवून आमच्याकडे पाहिलं, आणि हळूच मान हलवली.

हाही नाही.