डाव्या कोपऱ्यातला ढीग

ललित, आधी एक सांग. विश्वास कुणावर ठेवावा? जागा लख्ख ठेवणाऱ्यावर, की पसारा जपणाऱ्यावर? माझी शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. फैजपूरचा एक दलाल डोळे मिटून, नुसत्या वासावर तूर कुठल्या शिवारातली ते सांगायचा. त्याचं घर बघितलं असतंस तर पाय ठेवला नसतास, इतका पसारा.

दिवाळीआधी आम्ही आमची ही धान्याची पेढी कोपरा न कोपरा आवरतो. लक्ष्मीपूजनाला कॉम्प्युटरही मांडतो, म्हणून तोही स्वच्छ हवा. माझे थोरले भाऊ, सुगनचंद, तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला लेकीकडे होते. कॉम्प्युटर त्यांचाच. रोजचं बिल ते फोल्डरात न टाकता स्क्रीनवरच ठेवायचे, तेही डाव्या कोपऱ्यात, एकावर एक.

"मोठ्या पप्पांनी भंगारचं दुकान मांडलंय," माझी मुलगी पलक म्हणाली. तिनं आवरासावर करणारं एक सॉफ्टवेअर घातलं, बटण दाबलं. बिलं बिलांच्या फोल्डरात, फोटो फोटोंच्या. क्षणात सगळं मोकळं झालं आणि मागचा फोटो पहिल्यांदा पूर्ण दिसला. राजकुंवर वहिनी, मेहरूण तलावाच्या काठावर. त्या वारल्या त्याआधीचा शेवटचा फोटो.

"पप्पा, मागे हा कोण?"

डाव्या कोपऱ्यात, कमरेइतक्या पाण्यात कुणीतरी पाठमोरं उभं होतं.

"उतरला असेल कुणी आंघोळीला," मी म्हणालो.

जेवून परत आलो. बाहेर रणरणतं ऊन, वखारीत तुरीची धूळ. खुर्चीजवळ मात्र गाळाचा वास होता, आटलेल्या तळ्याला येतो तसा. स्क्रीनवर तो आता गुडघाभर पाण्यात होता. आणि पाठमोरा नव्हता. तोंडावर केस चिकटलेले.

पलकनं धुळ्याला फोन लावला. तिनं सगळं सांगितल्यावर भाऊंनी एवढंच विचारलं,

"कोपरा मोकळा केलात…?"

"दिवाळीची साफसफाई, भाऊ. फोटोच बदलून टाकू का?" मी म्हणालो.

"नको रे. फोटो काढलास तर ती तिथं एकटी राहील… त्याच्याबरोबर." मग अगदी हळू, "ढीग परत घाल. आत्ता."

पलकनं घाईघाईनं कोऱ्या फायली करून कोपऱ्यात टाकल्या. त्या एकेक करून बाजूला सरकल्या, कुणी हातानं सारल्यासारख्या. मग तिनं मनाला येतील त्या नावांची बिलं बनवली. तीही सरकली. तोवर तो काठावर आला होता. त्याचा हात वहिनींच्या पदराशी…

"खरी ठेव, पोरी," फोनमधून भाऊ म्हणाले. "जो माल खरंच गेला, त्याचीच बिलं थांबतात. मी सगळं करून बघितलंय."

तिनं फोल्डरातली जुनी बिलं एकेक ओढून त्याच्यावर ठेवली. ती बसली. सर्वांत शेवटी बोटं झाकली गेली.

सॉफ्टवेअर त्याच दिवशी काढलं. पण बिल कायमचं टिकत नाही. जुनं झालं की हलायला लागतं, रोज वर नवं ठेवावं लागतं. भाऊंची नजर काही परत आली नाही. घरी बसून रोज संध्याकाळी विचारतात, "रतिलाल, तिचा पदर कोरडा आहे ना?" मी हो म्हणतो.

वहिनींची साडी खालून गुडघ्यापर्यंत काळी पडलीय, ओल धरल्यासारखी. अजून वाळलेली नाही. आणि त्या फोटोत समोर बघून हसत होत्या, आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आता त्यांची मान त्या कोपऱ्याकडे वळलीय.

उद्यापासून त्या खुर्चीवर तू. चाळीसगावहून अपडाऊन करशील, गाडीला उशीर होईल, चालेल मला. एखाद्या दिवशी गिऱ्हाईक आलंच नाही तर मला सांग, मी स्वतः पोतं विकत घेईन, घरी नेईन. पण न विकलेल्या मालाचं बिल करू नकोस, ललित. एवढा हिशेब प्रामाणिक ठेव, बाबा.