उद्या परत आणा

तो पहिल्यांदा आला तेव्हा ती कानशीनं किल्ली घासत होती. बाबांचे गुडघे गेल्यापासून कुलपांचं दुकान तीच बघायची.

"हे नीट लागतं का, बघाल?" त्यानं काउंटरवर कुलूप ठेवलं.

तिनं लावलं, ओढलं, उघडलं. कुलूप ठणठणीत होतं. पण समोरच्याच्या पापण्या अशा, की बायकांनी हेवा करावा… तिनं चेहरा गंभीर केला.

"जरा शंका आहे. उद्या परत आणा."

तो उद्या आला, परवाही आला. वाचनालयात होता. तिथली सगळी पुस्तकं नव्या इमारतीत हलवायची होती. "एवढं उरकलं की डोकं शांत होईल," तो म्हणायचा. ती कुलपात तेलाचा थेंब सोडायची आणि तो जिरेपर्यंत दोघं बोलत बसायची. आतून बाबा खाकरायचे. "आले वाटतं कुलूपराव."

पुस्तकं हलली, एकही हरवलं नाही, साहेबांनी पाठ थोपटली. तरी दुसऱ्या दिवशी स्वारी कुलूप घेऊन हजर. ती मोहरून गेली. म्हणजे आता निव्वळ आपल्यासाठी…

"काम तर झालं. आज काय निमित्त?"

"निमित्त नाही— हे खरंच लागतं ना? सकाळी घराला लावून निघालो, तर अर्ध्या वाटेवरून तीनदा मागे गेलो."

"पुरे आता नाटक," ती हसली.

तो कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होता. तिला ते दिसलं, पण वेडीनं ते लाजणं समजून सोडून दिलं. त्यानंतर तो आला नाही. रजा टाकून ताईकडे गेला, एवढंच वाचनालयात कळलं.

वर्षभरानं आला तो रिकाम्या हातानं.

"कामाचा ताण काम संपलं की उतरतो," तो म्हणाला. "माझं काम संपलं आणि धडधड तशीच. कुलूप झालं की गॅस, गॅस झाला की ताईचा फोन का नाही आला… डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, हा चिंतेचा आजार. आता बराच बरा आहे."

तिला राहवेना. "ते कुलूप पहिल्या दिवसापासून ठीक होतं. मी खोटं बोलले. तुम्ही परत यावं म्हणून."

त्यानं काउंटरवरची एक किल्ली उचलली आणि परत ठेवली.

"दुखणं आधीचंच होतं, ते तुमच्या माथी नाही. पण खोटं कशाला हो? मी तसाही आलो असतो… चांगली किल्ली मोडून आणली असती."

"मग आता या ना."

"माझ्यासारख्याला 'ठीक आहे' म्हणणारं माणूस असं लागतं, की त्याचं ऐकून शंका सोडून देता यावी." त्याचा आवाज मऊ होता. "तुम्ही म्हणालात, तर मला खरं वाटेल का… ठाऊक नाही."

जाताना त्यानं दार ओढून घेतलं आणि ते नीट लागलं का हे न बघताच पायऱ्या उतरला. तिला त्याच्यासाठी फार बरं वाटलं. मग ती काउंटरवर डोकं टेकून रडली, आणि आतून बाबा एकदाही खाकरले नाहीत.