तहान नसलेली कपाशी

"पाणी सोडलं रे!" मामाने हाक दिली आणि चर भरून पाणी उताराला लागलं. सुट्टीला आलेली टिटवी आणि तिचा दादा मामेभाऊ गोटूसोबत कपाशीत शिरले. टिटवीचं तोंड कधी मिटत नसे, म्हणून ते नाव.

"मामा, ही झाडं मान टाकून का उभी?"

"तहानलीत बिचारी. काल थोडंच पाजलं, आज पार खालपर्यंत सोडतो."

टिटवीने बुंध्याशी बोट खुपसलं. माती ओलीच होती. "पाण्यात पाय सोडून कुणी तहानेनं रडतं का?"

"तू रडतेस की, ताटावर बसून भुकेनं," दादा म्हणाला. पण तोही वाकला. खालची पानं कडेकडून पिवळी पडलेली. एका झाडाची तर अर्धी बाजू सुकलेली, अर्धी हसरी. गोटूने ते उपटून खोड उभं चिरलं. आत तपकिरी रेघ, मुळापासून वर चढत गेलेली. शेजारच्या टवटवीत झाडाची फांदी चिरली, तर आत दुधासारखी पांढरी.

"ही बुरशी," दादा हळूच म्हणाला. "बाईंनी शिकवलं होतं. मुळातून शिरते, झाडाच्या आतल्या पाण्याच्या वाटा बुजवते. मग कितीही पाजा, झाडाला पिताच येत नाही. आणि पाण्याबरोबर ती पुढच्या झाडांकडे जाते."

गोटूचा चेहरा उतरला. "खाली आईचा बियाण्याचा तुकडा आहे."

मामी दरवर्षी सुंदरात सुंदर बोंडं वेचून बी राखायची आणि तिथे पेरायची. तिच्या आईकडून आलेलं वाण, दुसरीकडे कुठेच नसलेलं.

पाणी पुढे, पोरं मागे. गोटूने बांधावरून धावत पाणी गाठलं, अडवायला चरात चिखल थापला, तो वाहून गेला. तेव्हा टिटवी सरळ चरातच बसली.

"थापा माझ्याभोवती!"

"उठ गं, धरण झालीस का?" मामा ओरडत आला. दादाने चिरलेलं खोड आणि फांदी त्याच्या हातात दिली, बुरशीचं सांगितलं. मामाने तपकिरी रेघेवरून नख फिरवलं. मग वर गेला आणि पंप बंद केला.

"तहान समजून रोग पाजत होतो मी," परत येऊन तो म्हणाला. "पोरांनो, तुम्ही होतात म्हणून बरं."

मामी धावत आली. चर टिटवीपर्यंत ओला होता, पुढे कोरडा. तिने टिटवीला उचलून उभं केलं, तिच्या गालावरचा चिखल पुसला.

"पाय धुऊन या तिघं. यंदा बी राखायचं झाड तुम्ही निवडायचं."